ओळख पटवण्याची रीत: हुंडीच्या वाटेवरील पांडेसरा

सुरत शहराच्या दक्षिण भागात, उधना आणि भेस्तान या रेल्वे स्थानकांच्या लगत वसलेला पांडेसरा आज ओळखला जातो तो गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे आणि तेथील डाइंग-प्रिंटिंग मिलांमुळे, म्हणजे यंत्रमागावरून उतरलेले कोरे कापड धुऊन, रंगवून आणि छापून त्याला साडीचे किंवा ड्रेस मटेरियलचे रूप देणाऱ्या कारखान्यांमुळे. महामंडळाची स्थापना १९६२ मधली. त्यानंतरच्या दशकांत ही वसाहत आणि तिच्याभोवतीच्या चाळी व सोसायट्या ओडिशातील गंजाम, उत्तर प्रदेश, बिहार आणि खान्देश येथून आलेल्या कामगारांनी भरत गेल्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची संख्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात इतकी मोठी आहे की गल्लीत अहिराणी सहज कानावर पडते आणि महानगरपालिकेचे शिक्षण मंडळ मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. अशा वस्तीचा संसार मिळकत एका ठिकाणी आणि खर्च दुसऱ्या ठिकाणी या रीतीवर चालतो. सुरतेत कमावलेला पैसा गावच्या आईबापांपर्यंत, शेतीच्या खर्चापर्यंत आणि लग्नकार्यापर्यंत पोहोचावा लागतो; आणि पैसा दूर पाठवायचा म्हटले की जो समोर नाही त्याची ओळख पटवून घेणे भाग पडते. फसवणूक नेमकी याच सांध्यावर घाव घालते. ऑनलाइन फसवणूक आणि बनावट ईमेल यांचे तंत्र नवे असले, तरी ज्या ठिकाणी ते आघात करतात ते ठिकाण संगणकापेक्षा काही शतके जुने आहे, आणि पांडेसऱ्याच्या वाटेवर त्याचा माग विशेष स्पष्टपणे काढता येतो.

खान्देश आणि सुरत यांना जोडणारी वाट कामगारांनी पाडलेली नाही. सतराव्या शतकात भारतात अनेकदा येऊन गेलेला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निए याने सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या मार्गातील मुक्काम नोंदवले आहेत, त्यांत बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर आणि चोपडा ही गावे येतात. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेनेही सुरतेहून अमळनेरपर्यंत जाताना बहुतांशी हाच पट्टा धरला, आणि पुढे याच गाडीने खान्देशातील शेतमजुराला आणि अल्पभूधारकाला उधन्यात आणून उतरवले. ताव्हेर्निएच्या वृत्तान्तात मार्गाइतकीच महत्त्वाची एक दुसरी नोंद आहे: निरनिराळ्या शहरांतून सुरतेवर लिहिल्या जाणाऱ्या हुंड्यांना शेकडा किती आकार पडे, हे त्याने दिले आहे, आणि त्यात बऱ्हाणपूरचा दर अडीच ते तीन टक्के, आग्र्याचा साडेचार ते पाच, तर ढाक्याचा दहा टक्के असा आहे. हुंडी म्हणजे एका गावच्या सराफाने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्याला ठरलेली रक्कम देण्याविषयी लिहिलेला कागद. रोकड वाटेत लुटली जाण्याचा धोका या कागदाने टळे. परंतु त्याबरोबर एक नवा धोका जन्माला येई, तो असा की कागद घेऊन दारात उभा राहिलेला माणूस खरोखरच त्या पैशाचा धनी आहे काय, हे ठरवायचे कसे.

या प्रश्नाला हुंडीच्या व्यवहाराने दिलेले उत्तर आजच्या वाचकाने बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण त्यातील प्रत्येक रूढी कोणत्या ना कोणत्या फसवणुकीच्या अनुभवातून आलेली दिसते. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून हुंडीत आकडा एकदाच लिहून भागत नसे. रक्कम, तिची निम्मी रक्कम आणि त्या निम्म्याची दुप्पट असे पुन्हा पुन्हा अक्षरांत लिहिले जाई, शिवाय कागदाच्या पाठीवर चौकोनी कोठा आखून त्यात ती परत नोंदवली जाई, त्यामुळे एका जागी शून्य वाढवणाऱ्याला बाकीच्या जागा पकडून देत. मूळ हुंडी हरवली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत, आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ म्हणजे तिसरी प्रत देण्याची सोय होती, मात्र प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रतीचा उल्लेख असे, म्हणजे एकाच रकमेची दोनदा वसुली होऊ शकत नसे. सर्वांत महत्त्वाची रूढी ‘शाहजोग’ हुंडीची. ही हुंडी कोणाही धारकाला वटवता येत नसे. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या ‘शाह’ व्यक्तीच्याच हाती दिले जात, म्हणून अनोळखी धारकाला आधी अशी व्यक्ती गाठून तिच्यामार्फत यावे लागे. पुढे ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे उचललेल्या शाहाने ते व्याजासह परत करायचे, असा दंडक होता. म्हणजे ओळख देणारा माणूस त्या ओळखीची किंमत स्वतःच्या खिशातून मोजण्यास बांधलेला होता. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक आणि वचनचिठ्ठ्या यांना लागू होणारा कायदा, करतानाही ब्रिटिश सरकारने देशी भाषांतील अशा कागदांच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही.

याखेरीज आणखी एक रीत होती, आणि आजच्या फसवणुकीच्या संदर्भात तीच सर्वांत मोलाची ठरते. हुंडी दाखवली गेली पण देणाऱ्याला शंका वाटली, किंवा लिहिणाऱ्याकडून स्वतंत्रपणे यायचे सूचनापत्र अजून पोहोचले नसले, तर तो हुंडी ‘खडी’ ठेवू शके, म्हणजे नाकारल्याशिवाय तिचा भरणा चौकशी पुरी होईपर्यंत थांबवू शके. धारकाने कितीही घाई केली तरी चौकशीसाठी वेळ घेणे हा देणाऱ्याचा हक्क मानला जाई, आणि ही चौकशी धारकाने दिलेल्या पत्त्यावर नव्हे तर देणाऱ्याच्या आपल्या नेहमीच्या टपालाने व आडत्यामार्फत होई. दावा एका वाटेने आणि खातरजमा दुसऱ्या वाटेने येणे, या दोन वाटांमधले अंतर हीच हुंडीची खरी सुरक्षितता होती.

मराठ्यांच्या इतिहासात ओळखीच्या या प्रश्नाने एकदा राज्यालाच हादरा दिला होता. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊंचा अंत झाल्यानंतर काही वर्षांतच एक मनुष्य स्वतःला भाऊसाहेब म्हणवू लागला. चौकशी होऊन तो तोतया ठरला व बंदीत पडला, परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीच्या बंदीतून सुटून त्याने कोकणात बंड उभारले आणि अनेक किल्ले ताब्यात घेतले. अखेरीस पकडल्यावर पुण्यात पुन्हा जाहीर चौकशी झाली आणि त्याला देहान्त शासन देण्यात आले. न. चिं. केळकरांनी या विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, यावरून ही घटना किती काळ लोकांच्या मनात राहिली हे कळते. या प्रकरणात लक्षात घेण्यासारखी बाब अशी की तोतयामागे गेलेले सगळेच लोक भोळे नव्हते. पानिपतावर गेलेला माणूस परत यावा अशी आशा घरोघर होती, आणि अधिकाऱ्यांपुढे भाऊसाहेबांच्या नावाचा दरारा होता. आशा आणि दरारा या दोन भावना जागवल्या की खातरजमेची वाट लोक आपण होऊन सोडतात, हे त्या काळीही खरे होते.

ब्रिटिश अमदानीत ओळखीचे काम माणसाच्या चेहऱ्याकडून खुणेकडे सरकले. बंगालमधील मुलकी अधिकारी विल्यम हर्शेल याने १८५८ मध्ये एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला आणि पुढे हुगळीत निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे बोटांचे ठसे नोंदवले, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कोणी पैसे उचलण्याचा प्रकार त्याला थांबवायचा होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय उभे राहिले. त्याच सुमारास गरिबांचा पैसा टपालखात्याकडे आला. १८८० पासून सुरू झालेल्या मनीऑर्डरीने गिरण्यांतील आणि पुढे सुरतेच्या मागांवरील कामगाराला जी खात्री दिली, तिचे मूळ दोन गोष्टींत होते: गावातला पोस्टमन घरातल्या प्रत्येकाला ओळखत असे, आणि पैसे घेणाऱ्याच्या सहीची किंवा साक्षीदारासमक्ष घेतलेल्या अंगठ्याची पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत येई. दोन बाजूंना दोन माणसे आणि त्यांच्या मधल्या प्रवासाला एक कागदी पुरावा, अशी ही हुंडीचीच साधी आवृत्ती होती. सुरत आणि गंजाम यांच्या दरम्यान रोकड घरपोच नेणारे टप्पावाले असोत की गावी निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती पाकीट देण्याची खान्देशी पद्धत असो, तेथेही विश्वास होता तो त्या माणसाच्या घराण्याची आणि गावाची माहिती असल्यामुळे.

पैशाच्या फसवणुकीबरोबर खोट्या निरोपांचाही एक स्वतंत्र वंश चालत आला आहे. देवाच्या नावाने आलेले कार्ड ठरावीक संख्येने लिहून पुढे पाठवावे, तसे केल्यास लाभ आणि न केल्यास अनर्थ, अशी साखळी पत्रे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या फिरली. त्याच कल्पनेला पैशाची जोड देणाऱ्या योजना इतक्या बोकाळल्या की १९७८ मध्ये संसदेला बक्षीस चिट्ठ्या आणि पैशाच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग पसरला, तेव्हा रोगाबरोबर पाण्यात विष कालवल्याच्या अफवाही पसरल्या आणि लाखो लोक, ज्यांत परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने होते, शहर सोडून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ‘गुड टाइम्स’ नावाच्या काल्पनिक व्हायरसचा इशारा देणारा ईमेल पसरू लागला. असा व्हायरस अस्तित्वातच नव्हता, परंतु ‘ही सूचना सर्व परिचितांना पाठवा’ या एका वाक्यामुळे तो ईमेल स्वतःच व्हायरससारखा वाढत राहिला. साखळी कार्ड आणि हा ईमेल यांची घडण एकच आहे: भय, एक मोठे नाव आणि पुढे पाठवण्याची तातडी.

हा वंश शेवटी खान्देशाच्या दारातच रक्तपातापर्यंत पोहोचला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअॅपवरील अफवेने पेटलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या अशा चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील जनजागृतीची होती. तिच्यातला खुलाशाचा शेवटचा भाग कापून टाकल्यामुळे अभिनय हा खरा प्रसंग ठरला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. ती खूण एवढेच सांगते की हा मजकूर पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही. नातेवाइकाच्या नावाखाली आल्याने मजकूर नातेवाइकाचा वाटतो, हा जो भ्रम आहे तो त्या छोट्या खुणेने थोडा तरी तुटतो, म्हणून तिच्याकडे पाहण्याची सवय लागणे फार गरजेचे आहे.

पांडेसऱ्याच्या कामगाराचा पैसा फोनवर आला तो अवघ्या काही वर्षांत. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने खाते नसलेल्या माणसालाही दुकानातून देशांतर्गत पैसे पाठवण्याच्या अटी सैल केल्या, त्यानंतर मोबाइल रिचार्जच्या दुकानांवर ‘मनी ट्रान्सफर’चे फलक लागले, २०१४ मध्ये जनधन खाती उघडली गेली, २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील नोटाबंदीने लोकांना तिकडे ढकलले. ही सोय मोठी आहे. रांग, दलाली आणि वाट पाहणे या तिन्हींतून तिने गरीब माणसाची सुटका केली, हे नाकारता येत नाही. मात्र या बदलात एक उलथापालथ झाली, जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हुंडीत आणि मनीऑर्डरीत पैसे मागणाऱ्याने आपली ओळख पटवायची असे. आता फोन करणारा अनोळखी माणूसच खातेदाराला स्वतःची ओळख पटवायला सांगतो, जन्मतारीख, कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी विचारतो, आणि खातेदार परीक्षा देणाऱ्याच्या भूमिकेत शिरतो. ओटीपी म्हणजे एका व्यवहारापुरता बँकेने पाठवलेला गुप्त अंक, तर यूपीआयचा पिन म्हणजे खात्यातून पैसे काढण्याची संमती. पैसे मिळवण्यासाठी या दोहोंपैकी कशाचीही गरज पडत नाही, आणि क्यूआर कोडही पैसे देण्यासाठीच स्कॅन करायचा असतो. पैसे येणार असे सांगून पिन टाकायला लावणाऱ्याचा दावा म्हणूनच तेथल्या तेथे खोटा ठरतो. अनोळखी माणसाने दुसऱ्याच्या फोनवर पैशाची मागणी धाडण्याच्या सोयीचा इतका दुरुपयोग झाला, की ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय बंद करण्यात आली. हर्शेलचा अंगठाही सुटला नाही: आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा यांवर पैसे काढण्याच्या व्यवस्थेत, जमीन नोंदणीच्या कागदांवरील ठशांवरून सिलिकॉनचे अंगठे बनवून खाती रिकामी केल्याची प्रकरणे अनेक राज्यांत उघड झाली; आधारमधील बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करून ठेवण्याची मोफत सोय हा त्यावरचा उपाय आहे.

ईमेलची फसवणूक कायद्याच्या नजरेत आली २००५ मध्ये, जेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने नॅसकॉम या संगणक उद्योगाच्या संघटनेच्या नावाने बनावट ईमेल पाठवणाऱ्यांविरुद्धच्या खटल्यात ‘फिशिंग’ची, म्हणजे विश्वासू संस्थेचे सोंग घेऊन गोपनीय माहिती काढून घेण्याच्या कृत्याची, दखल घेतली. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ ड हे कलम आले आणि संगणकाच्या साहाय्याने केलेली तोतयेगिरी स्वतंत्र गुन्हा ठरली. महाराष्ट्रातील सर्वांत बोधक प्रकरण पुण्याच्या पूना ऑटो अॅन्सिलरीज या कंपनीचे आहे. फिशिंग ईमेलला दिलेल्या उत्तरानंतर तिच्या बँक खात्यातून ८० लाखांहून अधिक रुपये इतर खात्यांत गेले, आणि २०१३ मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने बँकेला ४५ लाख रुपये भरून देण्याचा आदेश दिला. ईमेलला उत्तर देण्याची चूक ग्राहकाची होती हे त्यांनी मान्य केले, परंतु ज्या खात्यांत पैसे गेले ती उघडताना बँकेने पुरेशी पडताळणी केली नाही हेही नोंदवले. शाहजोग हुंडीचा दंडक, ओळख देणाऱ्याने भरपाई करायची, तो येथे अंशतः परत आलेला दिसतो. बनावट ईमेल ओळखताना नाव पाहून भागत नाही, कारण नाव पाठवणाऱ्यालाच ठरवता येते. नावामागचा पूर्ण पत्ता आणि दुव्यावर बोट ठेवल्यावर दिसणारे संकेतस्थळाचे नाव तपासावे लागते, आणि म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता सक्तीचा केला.

दरारा वापरण्याची कलाही महाराष्ट्रात घोटून घेतली गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकन नागरिकांना त्यांच्या आयकर खात्याच्या नावाने अटकेची भीती घातली जात होती असे उघड झाले. तेच तंत्र पुढे देशवासीयांवर उलटले आणि ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने पसरले: पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचा फोन, मग व्हिडिओवर गणवेशातील माणूस, आणि कोणाशीही बोलू नका ही आज्ञा. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वात नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही तसे सांगितले. परंतु कोणाशी बोलू न देणे हाच या डावाचा गाभा आहे, कारण बोलणे झाले की खातरजमेची दुसरी वाट उघडते.

कामगार वस्तीत मात्र दरारा आणि आशा एकत्र येतात. घरबसल्या डेटा एन्ट्रीचे काम देऊ असे सांगून ऑनलाइन करारावर सही घ्यायची, चुका दाखवून काम नाकारायचे आणि वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून दंड मागायचा, असा धंदा करणाऱ्यांवर सुरतेतच पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. सुरतेच्या कापड बाजाराला उधारीवर माल उचलून रातोरात दुकान बंद करणाऱ्या व्यापाऱ्याचे ‘उठमणे’ जुने परिचयाचे आहे, आणि तेथील जाणते व्यापारी नवे गिऱ्हाईक पहिले दोन व्यवहार चोख करते तेव्हाच सावध होतात. टेलिग्रामवरील ‘टास्क’ योजनाही, म्हणजे छोट्या ऑनलाइन कामांचे पैसे देऊ म्हणणारी योजनाही, आधी दीडशे-दोनशे रुपये खरेच देते आणि मग मोठी रक्कम भरायला लावते.

या सगळ्यात पांडेसऱ्यासारख्या वस्तीला सर्वांत मोठा धोका फसले जाण्याइतकाच वापरले जाण्याचा आहे. चोरलेला पैसा थेट चोराच्या खात्यात जात नाही. तो थोडे कमिशन देऊन घेतलेल्या गरिबांच्या आणि विद्यार्थ्यांच्या खात्यांतून फिरवला जातो. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड काही हजारांसाठी दुसऱ्याच्या हाती देणारा कामगार नकळत शाह बनतो, आणि पोलीस प्रथम त्याच्याच खोलीवर येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवलेले नुकसान २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये होते ते २०२४ मध्ये २२,८४५ कोटींवर गेले, आणि ही रक्कम अशा खात्यांवाचून हललीच नसती.

२०२१ मध्ये सुरू झालेली मदतवाहिनी, जिचा क्रमांक आता १९३० आहे, ती या प्रवाहाला मधेच अडवते. तक्रार नोंदताच पैसा ज्या ज्या खात्यांत गेला त्या बँकांना सूचना जाते आणि शिल्लक रक्कम गोठवली जाते, म्हणजे हुंडी खडी ठेवण्याचा जो हक्क फोनवरच्या व्यवहारात नाहीसा झाला होता, तो उशिराने का होईना परत मिळतो. पैसा अनेक खात्यांत फुटून रोकड होण्याआधी, पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार झाली तरच तो हाती लागण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, परंतु कळवल्यानंतरचे बँकेचे. गोठवलेली रक्कम सहसा न्यायालयाच्या आदेशाने मूळ धन्याला मिळते, आणि गुजरात पोलीस ‘तेरा तुझको अर्पण’ या उपक्रमात ती परत करतात. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, संदेशांची छायाचित्रे आणि तक्रारीची पोच जपून ठेवावी लागते, आणि लाज वाटून गप्प बसलेल्या माणसाजवळ यांपैकी शेवटची गोष्ट कधीच नसते.